कंटेंट

'कंटेंट' हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. रीलमधला, चॅनेलवरचा, 'भारी कंटेंट आहे' वाला. त्याच स्पेलिंगचा, फक्त दुसऱ्या अक्षरावर जोर असलेला त्याचा भाऊ मात्र मागे पडलाय. त्याचा अर्थ समाधानी. 'हॅपी'पेक्षा एक पायरी खाली. कसं चाललंय विचारल्यावर आपण 'बरं आहे' म्हणतो ना, साधारण तिथे.

दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधलं 'कोन्तिनेरे': एकत्र धरणं, आत सामावणं. डब्यात मावतं ते कंटेंट आणि आपल्या हद्दीत मावतो तो माणूसही कंटेंट. गंमत म्हणजे आपलं 'समाधान'ही सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं.

पण 'कोन्तेन्तुस' म्हणजे 'धरलेला'. कुणी धरलेला? इथे मला खटकतं. सुनेला, शेतमजुराला, कमी पगारावरच्या पोराला 'आहे त्यात समाधान मान' सांगणारा बहुतेक वेळा स्वतः कुंपणाबाहेर उभा असतो.

औंधच्या राजाने ते उलटं केलं. भवानराव पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी 1939 मध्ये कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. आधी स्वतःला आवर घातला. त्याच काळात संस्थानातल्या आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने, कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. भिंत नाही, शेती करायची, बायकापोरं सोबत. व्ही. शांताराम यांच्या 'दो आंखें बारह हाथ'मागे (1957) हीच प्रेरणा.

तिथला कैदी सुखी होता का? मी म्हणणार नाही. पोरं जवळ, डोक्यावर मोकळं आभाळ. पण गाव सुटलेलं, शिक्षा चालूच, आणि हातून गेलेला जीव परत येत नाही. त्यात माणदेशातली शेती, म्हणजे पावसाची वाट बघणं. अर्धंच सुख. तरी रोज रात्री पळून न जाणं हे त्याचं स्वतःचं काम होतं. धरणारा तोच, धरलेलाही तोच. शहाणपणाचा आव आणून शिकवलेल्या समाधानात ही गोष्ट नसते.

अर्थात कुणी म्हणेल, कुंपण काढणारा शेवटी राजाच. खरंय. कैद्याला कुणी विचारून भिंत पाडली नव्हती.

वसाहत आजही आहे, सांगली जिल्ह्यात, खुलं कारागृह म्हणून. नाव तेच: स्वतंत्रपूर.