काय काय खोललं?

गाडी बंद पडली की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो. "शेवटचा हात कुणी लावला?" मोटार जळाली, रेडिओ बिघडला, म्हैस लाथ मारायला लागली, तरी प्रश्न तोच. हा प्रश्न बरोबर की चूक, याचा विचार मी गेली पस्तीस वर्षं करतोय. कारण एकदा त्याचं खरं उत्तर फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो होतो.

साल १९८९. मी दहावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्यांचा एक सहाचाकी मालट्रक होता. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावचा उन्हाळ कांदा तो वाशीच्या मार्केटला न्यायचा. संध्याकाळी गाडी भरायची, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटेचा बाजार गाठायचा. उशीर झाला तर माल तोच, पण भाव पडलेला.

गाडीवर एक किन्नर होता. माझ्याच वयाचा, किंवा वर्षभरानं लहान. सगळे त्याला बारक्या म्हणत. बाप नव्हता, आई रोजंदारीनं कांदे खुडायला जायची.

त्या दिवशी गाडीचा डिझेल फिल्टर बदलायचा होता. आण्णांनी मला पैसे दिले. "फिल्टर आण आणि तांब्याचे वॉशर आण. पाईप खोलले की वॉशर नवे टाकायचे." मी सायकलवरून गेलो, फिल्टर घेतला. वॉशरच्या पैशांचा उसाचा रस प्यालो, एक नाही, दोन ग्लास. ऊन तसंच होतं. घरी येऊन बारक्याला म्हणालो, "दुकानात वॉशर नव्हते. जुनेच टाक."

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." त्यानं टाकीकडून येणारा पाईप सोडला, फीड पंपाची जाळी धुतली, फिल्टर बसवला आणि जुनेच वॉशर घालून बोल्ट आवळले.

दिवस मावळताना पावणेदोनशे गोण्या भरून झाल्या. गल्लीतल्या सहा घरांचा कांदा त्यात होता. पश्चिमेला आभाळ काळं झालेलं, वळवाचा पाऊस कधीही आला असता. डायवरमामांनी सेल मारला. घुर्र घुर्र घुर्र. इंजिन फिरत होतं, पण धरत नव्हतं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झाल्यावर आवाज जड झाला आणि बॅटरी बसली. भरलेल्या गाडीला धक्का कोण मारणार?

आण्णांनी तो ठरलेला प्रश्न विचारला. "शेवटचा हात कुणी लावला?"

कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांच्या नजरा बारक्याकडं गेल्या होत्या. आण्णांनी त्याच्या कानाखाली वाजवली. मी चार हातांवर उभा होतो. जीभ हलली नाही.

तालुक्याच्या रस्त्यावर गॅरेज असलेल्या मिस्त्रींना बोलावलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते लुनावर आले, दुसरी बॅटरी मागवली आणि कंदिलाच्या उजेडात बॉनेटमध्ये वाकले. त्यांनी कोण, कुणी, कसा, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "काय काय खोललं?"

बारक्यानं पटापट सांगितलं. हा पाईप, ही जाळी, हा फिल्टर. मार खाल्लेलं पोरगं एकही गोष्ट न लपवता सांगत होतं.

"एअर धरली," चाचा म्हणाले. आमच्यापैकी काहींना समजावं म्हणून हात चालवता चालवता बोलत होते. डिझेलच्या इंजिनाला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. आत हवा दाबून दाबून तापवायची आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून जोरात डिझेल मारायचं, की ते आपोआप पेटतं. डिझेल दाबून दबत नाही, म्हणून पंपाचा जोर थेट नोझलपर्यंत जातो. पण लाईनमध्ये हवेचा बुडबुडा असला की पंप डिझेलला ढकलायच्या ऐवजी त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो. नोझल उघडतच नाही. मग सेल कितीही मारा.

त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि बारक्याला फीड पंपाचा हातपंप मारायला लावला. आधी फसफसता फेस आला, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग नुसती स्वच्छ धार. स्क्रू आवळला. मग मेन पंपावरची हवा काढली. मग नोझलचे नट ढिले करून सेल मारला, तिथून डिझेल उडायला लागल्यावर ते आवळले. गाडी सुरू झाली. लोकांनी हाळी दिली. मिनिटभरानं इंजिन अडखळलं आणि पुन्हा बंद.

चाचांनी खाली वाकून बोट फिरवलं. कुठंही डिझेल गळत नव्हतं. ते म्हणाले, "गळत नाही म्हणजे नीट आहे असं नसतं. टाकी ते फीड पंप या पाईपात पंप ओढत असतो. तिथं फट असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ही गळती दिसत नाही."

त्यांनी तो बोल्ट खोलला आणि वॉशर तळहातावर घेतला. जुन्या आवळण्याची खोबण त्यावर स्पष्ट उमटली होती. "नवा का नाही टाकला?" त्यांनी बारक्याला विचारलं. बारक्या म्हणाला, "मिळाला नाही."

माझं नाव त्यानं घेतलं नाही.

रात्री दुकान कुठलं उघडं असणार? चाचांनी वॉशर दगडावर घासून सपाट केला, आमच्या चुलीत लाल होईतो तापवला आणि पाण्यात टाकला. तांबं असं केलं की मऊ होतं आणि पुन्हा नव्यासारखं बसतं. वॉशर बसवून हवा परत काढली. साडेदहाच्या सुमारास गाडी सुरू झाली ती सुरूच राहिली.

निघताना चाकाखालचा दगड काढायला बारक्या वाकला. मी जवळच होतो. दगड उचलत तो हळूच म्हणाला, "डबा भरून वॉशर असतात त्या दुकानात." आणि केबिनमध्ये चढला.

गाडी बाजाराला उशिरा पोचली. भाव पडला तो सहा घरांनी सोसला. दिवाळीत हिशेब झाल्यावर बारक्या काम सोडून गेला. कुठं, ते कुणी विचारलं नाही.

पुष्कळ वर्षं मी चाचांचा प्रश्न लोकांना सांगत आलो. 'कोण' विचारलं की माणसं गप्प होतात, 'काय' विचारलं की दोष सापडतो. हे खरंच आहे. आण्णांच्या प्रश्नानं एक थप्पड आणि एक बसलेली बॅटरी मिळाली, चाचांच्या प्रश्नानं गाडी चालू झाली.

पण वय वाढलं तसं मला त्यातलंही कमी दिसायला लागलं. चाचांच्या प्रश्नानं गाडी सुटली, त्याच प्रश्नानं मीही सुटलो. वॉशर सापडला, काम भागलं, रसाचे दोन ग्लास कुणाला कळले नाहीत. गाडीला 'कोण' याच्याशी देणंघेणं नसतं. बारक्याच्या गालाला होतं. यंत्रातली हवा दुसऱ्यानं काढली तरी चालते, ही हवा ज्यानं आत सोडली त्यानंच काढायची असते. त्या रात्री आम्ही दोघंही गप्प होतो, पण दोन्ही गप्प राहणी सारखी नव्हती. मालकाच्या पोराचं नाव घेतलं असतं तर त्याचं काम गेलं असतं. मी खरं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? फार तर एक थप्पड. ती तशीही माझीच होती.

आण्णा गेले. त्यांनाही मी सांगितलं नाही.

आता माझ्याकडं ट्रॅक्टर आहे आणि हाताखाली एक पोरगा आहे. परवा फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर सुरू होईना. पोरगा घाबरून माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी म्हणालो, "काल डिझेल मी ओतलं, कॅनला गाळणी लावली नव्हती. आता तू सांग, काय काय खोललं?"

त्यानं सगळं सांगितलं. मग आम्ही दोघं मिळून हवा काढत बसलो.