त्यागाची फारखती

फ्रेंच भाषेत निघून जाण्यासाठी 'पार्तीर' हे क्रियापद आहेच. परंतु जाणाऱ्याच्या मागे कोणी उरते आणि त्याचा निर्देश केल्यावाचून वाक्य सहसा पुरे होत नाही, तेव्हा ती भाषा 'कित्ते' हे क्रियापद योजते. घर, नगर, पती, चाकरी यांपैकी काहीही त्याचे कर्म होते; 'जग' हे कर्म झाले, तर मठप्रवेश आणि मृत्यू या दोहोंचा बोध होतो. 'शांत, निवांत' अशा अर्थाच्या लॅटिन विशेषणातून हे क्रियापद आले असून, मध्ययुगीन कायद्याच्या व्यवहारात त्यास ऋणमोचनाचा अर्थ चिकटला. आजही 'कित्' म्हणजे देण्यातून मोकळा आणि 'कितांस' म्हणजे रक्कम पावल्याची पावती. तशीच आपल्या दफ्तरांतील 'फारखती' ही हिशेब चुकता झाल्याचा लेखही होती व काडीमोडीचा दस्तऐवजही.

सोडणे आणि देणे फेडणे असे एकाच शब्दात नांदत असेल, तर ज्यास जग सोडून ईश्वराकडे जावयाचे आहे, त्याने माणसांचे देणे फेडूनच गेले पाहिजे काय? मनूने तिन्ही ऋणे फिटल्यावरच मोक्षाकडे मन लावावयास सांगितले; जाबालोपनिषदाने विरक्ती उपजेल त्याच दिवशी निघण्याची मुभा दिली.

गणितज्ञ व तत्त्वचिंतक ब्लेझ पास्काल याची धाकटी बहीण झाकलिन हिच्यापुढे हा प्रश्न अक्षरशः हिशेबाच्या रूपाने उभा राहिला. पोर-रोआयालच्या मठात जाण्याची तिची ओढ पित्यास मान्य नव्हती, म्हणून तो जिवंत असेपर्यंत ती घरीच विरक्तासारखी राहिली. १६५१ च्या सप्टेंबरात तो वारला आणि १६५२ च्या जानेवारीत, पितृशोकाने एकाकी झालेल्या भावाची विनवणी बाजूस सारून, तिने घर सोडले. वारशातील आपला वाटा मठास हुंड्यादाखल द्यावा ही तिची इच्छा भावाने प्रथम अडवून धरली. रिक्त हस्ताने व्रत घेणे तिला मानहानीचे वाटले. मठाच्या प्रमुख आंजेलिक आर्नो यांनी मात्र तिला पैशाची चिंता सोडून यावयास सांगितले. अखेर भाऊ नमला आणि १६५३ च्या जूनमध्ये तिने व्रत घेतले.

माझ्या मते पित्यासाठी थांबण्यात ती जितकी बरोबर होती, तितकीच भावासाठी न थांबण्यातही होती. पित्याचे ऋण आज्ञापालनाचे होते व ते फिटू शकत होते. भावाची मागणी मात्र त्याच्या एकटेपणाची होती, आणि एकटेपणाचे देणे कोणत्याही मुदतीत फिटत नसते. अशा देण्याची फारखती मिळेपर्यंत थांबावयाचे म्हणजे कधीच न निघणे होय. मात्र ते फिटलेले नाही याची जाणीव जाणाऱ्याने बाळगली पाहिजे. जो ती टाकून देतो, त्याच्या वैराग्यास मी पलायन म्हणेन. झाकलिनने ती टाकली नव्हती. १६५४ साली जगाचा वीट आलेला ब्लेझ आपले मन उघडे करावयास तिच्याकडेच मठात गेला आणि तिने त्याचे सर्व ऐकून घेतले.