गोळी बंद करायला कुणी सांगितलं?

"बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली." हे वाक्य मी धुळ्यात ऐकलं, जळगावातही ऐकलं. बोलणारे सगळे माझेच जुने विद्यार्थी. कुणी निवृत्त तलाठी, कुणी केळीचा बागायतदार, कुणी सोसायटीचा चेअरमन. तुमची साठी-सत्तरी उलटली असेल, अंगाखांद्यावर नातवंडं खेळत असतील. आज मात्र तुम्ही माझ्या वर्गात आहात आणि मी रागावलो आहे.

बीपी नॉर्मल कशानं आलं? गोळीनं. मग गोळी काढून घेतल्यावर ते तिथंच कसं थांबेल? सातवीतल्या पोराला कळेल अशी ही गोष्ट तुम्हाला कळत नाही, असं मी मानणार नाही. कळतं. पण रोज सकाळी ती गोळी हातात घेतली की आपलं वय झालं हे आठवतं, आणि तेच तुम्हाला नको असतं.

यावल-रावेरकडच्या बागायतदारांना तर मुळीच माफी नाही. ठिबकच्या फिल्टरपाशी प्रेशर गेज असतो. काटा चढला की तुम्ही रात्री बॅटरी घेऊन मळ्यात धावता, कारण दाब वाढला की लॅटरल कुठून तरी सुटणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. मेंदूतल्या नळ्या त्याहून कितीतरी बारीक. त्यांचा दाब शेवटचा कधी मोजलात?

"माले काहीच व्हयेल नई." डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी नाही, असं तुम्ही ठरवून टाकता. अरे, वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. कित्येकांना तो कळतो तो थेट लकवा मारल्यावर. तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, जीभ जड होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. ते तास तुमच्या घरचे झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता विचारण्यात घालवतात. मग तुम्ही खाटेवर, आणि जिचे स्वतःचे गुडघे धड नाहीत ती तुमची बायको तुम्हाला कुशीवर वळवणार. गोळी बंद करण्याआधी तिला विचारलं होतंत?

आणि ते "वय अधिक शंभर"! हे गणित मी तुम्हाला शिकवलेलं नाही. सत्तरीत १७० चालतं, हे कोणत्या पुस्तकात वाचलंत? वय वाढलं की मोठ्या रक्तवाहिन्या ताठरतात, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा कधी कधी उतरतोसुद्धा. पुष्कळांचं तसं होतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. १७०/७५ वाचून "खालचा तर छान आहे" म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावं: उतारवयात जास्त भीती वरच्याच आकड्याची.

"आता ऐंशी झाली, गोळ्या खाऊन काय करायचं?" याचंही उत्तर घ्या. 'हायव्हेट' या अभ्यासात ऐंशी किंवा त्याहून जास्त वयाचे ३,८४५ रुग्ण होते. २००८ साली निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हृदय निकामी होणं ६४ टक्क्यांनी कमी. ऐंशीनंतरही गोळीचा उपयोग होतो.

आता ताटाकडे या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा. तुम्ही सांगता, "मी वरून मीठ घेतच नाही." बिबडे, उडदाचे पापड, लोणचं, ठेचा, शेवभाजीतली शेव यांत काय असतं मग? पापडखारातही सोडियमच आहे. भरीत-भाकरी खा, वरणबट्टी खा, कोण अडवतंय? पण शेजारची ती खारट रांग उचला. केळी आपल्याच जिल्ह्यात पिकतात आणि त्यांतलं पोटॅशियम बीपीला चांगलं. फक्त ज्यांची किडनी बिघडली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणता त्या गोळ्यांबद्दल मी जास्तच कडक बोलणार आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची दुखणं मारणारी औषधं बीपी वाढवतात आणि किडनीला त्रास देतात. बीपीची गोळी महाग वाटते आणि ही पाकीटभर आणता! डॉक्टरांपुढे मात्र तिचं नावही काढत नाही.

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. घाम जातो, बीपी उतरू शकतं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. ही तक्रार खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण अशा वेळी उभं राहून बीपी मोजून घ्यायचं आणि डोस डॉक्टरांना ठरवू द्यायचा. आपल्या मनानं बंद करायचा नाही.

पैशांचं कारण सांगू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात तपासणी-उपचार मोफत आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचं तिकीट नाही. त्या फुकट एसटीनं मुक्ताईनगरला जाता, शिर्डीला जाता, मग तालुक्याच्या दवाखान्यात का जात नाही?

सुरतेत आणि पुण्यात असलेल्या तुमच्या मुलांनाही हे वाचून दाखवा. व्हिडिओ कॉलवर "जेवलात का" विचारून भागणार नाही. "आज आकडा किती आला" हेही विचारा आणि गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावा.

सोमवारी सकाळी चहा-तंबाखूआधी, लघवीला जाऊन, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं. हात छातीच्या उंचीवर. दोन्ही हातांचं बीपी मोजायचं, मग उभं राहून एकदा. तारखेसह वहीत लिहायचं आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ज्यांनी गोळी बंद केली आहे त्यांनी सोमवारचीही वाट पाहू नये, उद्याच जावं. पुढच्या महिन्यात मी एकेकाची वही तपासणार आहे.