वीट कोणाला द्यावी?

वाचकहो, पुंडलिकाची कथा ठाऊक नाही असा वारकरी सापडायचा नाही. देव दारी आला, पुंडलीक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे टाकली आणि सेवा पुरी होईतो तीवर उभा राहा म्हणाला. ही कथा आम्ही कीर्तनात किती वेळा ऐकली, माना डोलावल्या, आणि घरी जाऊन जेवलो. ती आमच्याच घरात घडू लागली तेव्हा तिचा अर्थ थोडा कळला. तो अनुभव येथे मांडतो. त्यात फुशारकी नाही. आमची चूकच अधिक आहे.

आम्ही नोकरीसाठी मस्कतला असतो. वर्षाकाठी तीस दिवसांची रजा मिळते. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, नाथमंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर. तेथे आई, धाकटा भाऊ आणि भावजय राहतात. त्या वर्षी रजा मुद्दाम ज्येष्ठात घेतली होती. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी पंढरीस निघते. तिच्याबरोबर चालायचे असा फार दिवसांचा मानस होता. पहिले आठ दिवस आई वाढीत होती आणि आम्ही पाहुण्यासारखे जेवत होतो.

प्रस्थानाच्या आदल्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना तिच्या हातून तांब्या निसटला. तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द बोबडे येऊ लागले. आम्हाला वाटले, भोवळ असेल. साखरपाणी पाजले, जरा पडून राहा म्हटले. तासाभराने भावजय मंडईतून आली. तिने एकदा पाहिले आणि म्हणाली, "दादा, ही भोवळ नव्हे. आधी गाडी बोलवा!"

येथे थोडे व्यवहाराचे सांगतो. परमार्थाच्या नावाखाली ते टाळणे बरे नव्हे. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांतले एक जरी अचानक दिसले तरी अर्धांगवायूचा झटका समजावा. तोंडात पाणीही घालू नये. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते श्वासनलिकेत जाते. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ ध्यानात ठेवावी, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि मेंदूचे सीटी स्कॅन होते अशा दवाखान्यात न्यावे. रक्ताच्या गुठळीने झटका आला असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि जितके लवकर तितके हिताचे. आमच्या अज्ञानापायी त्यातला एक तास गेला.

वारी चुकली. मनाला लागले, पण तो निर्णय कठीण नव्हता. पुंडलिकाने तो केव्हाच करून ठेवला आहे. कठीण प्रश्न पुढेच होता. दहाव्या दिवशी आईचे बोलणे जरा उमजू लागले, आणि तिने पहिले काय विचारावे? "तिकीट कधीचं?"

पंधरा दिवसांची बिनपगारी रजा वाढवून घेतली. पण त्यापुढे? मावशी म्हणाली, "नाथ लहानपणी आजा-आजीला न सांगता देवगडला जनार्दनस्वामींकडे गेले खरे, पण पैठणला परतले ते कायमचे. तुझा पाय निघतो तरी कसा?" भाऊ म्हणाला, "दादा, तू गेलास तरच औषधपाणी निभेल." दोघांचेही खरे होते.

तेव्हा पुंडलिकाकडे पुन्हा पाहिले. आपण त्याला विटेपासून ओळखतो. परंतु कथेत तो आधी आईबापांना छळणारा मुलगा आहे. काशीच्या वाटेवर, कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. जन्मभर न चुकलेला असा तो नव्हे. चूक कळताच वाटेतून वळलेला आहे. आणि वळल्यावर तो मागचे उगाळीत बसला नाही. समोरचे पाय चेपू लागला. आमची मात्र रात्रंदिवस हळहळ चालली होती: परदेशी का गेलो, तो तास का दवडला? त्या हळहळीत आईपेक्षा आम्हीच अधिक होतो. आईला हळहळ नको होती. दर दोन तासांनी कूस बदलायला हात हवा होता.

मग हातांनी होईल ते केले. कूस बदलली, पाठ पुसली, डॉक्टरांनी मुभा दिल्यावर दाट पेज चमच्याने भरवली. वेणी घालायला बसलो तर तिसरा पेड कुठून घ्यायचा ते कळेना. आई अर्ध्या तोंडाने हसली. आषाढी एकादशीला आम्ही तिच्या पायांशी होतो. नेम मोडला असे त्या दिवशी वाटले नाही.

मुदत सरली आणि आम्ही परत गेलो, हे लपवीत नाही. पण एक गोष्ट उमगली. वीट म्हणजे 'थांब' म्हणण्याचे धैर्य. पुंडलिकाने ती देवाला दिली. आम्ही मात्र ती आईला दिली होती: पुढच्या रजेत बघू, बढती झाली की बघू. इतकी वर्षे विटेवर आईच उभी होती!

पैसे पाठवणे ही सेवाच, पण तो सोपा वाटा. अवघड वाटा भावजयीच्या पदरात आहे, आणि 'ते तिचे कर्तव्यच' असे म्हणणे हा आमच्यासारख्यांचा मोठा अपराध. आता आम्ही रजा एकदम न घेता पंधरा-पंधरा दिवसांची दोनदा घेतो. ते दिवस भावजय माहेरी जाते आणि आईचे सारे आम्ही करतो. एवढ्याने ऋण फिटते काय? नाही. पण ज्याला कायमचे राहता येत नाही, त्याने निदान आहे तेवढे दिवस पाहुणा म्हणून राहू नये. वेणी आता आम्हाला बरी जमते.

रामकृष्णहरि.