लालबागची आली नाही

२०१९ च्या मे महिन्यात राणीच्या बागेचं तिकीट मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५ आणि आई-बाप-दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये होतं. सुटी सुटी काढली तर दीडशे, एकत्र काढली तर शंभर. भाईंदरहून निघायच्या आधीच हा हिशेब मी बायकोला दोनदा ऐकवला होता. आमचं कुटुंब त्या तिकिटात अगदी चपखल बसत होतं. फक्त घरात माणसं पाच होती.

पाचवी आई. सत्तरी ओलांडलेली, गुडघे केव्हाचेच संपावर गेलेले. बेत आठवडाभर आधी ठरला आणि मुलांनी तो लगेच आजीच्या कानावर घातला. "राणीची बाग? ती तर आमचीच," ती म्हणाली. मी मोबाइलमध्ये मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघत होतो, तेव्हा त्या 'आमचीच'कडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

रविवारी सकाळी सातला उठून बाहेर आलो तर आई अंघोळ उरकून, इस्त्रीची साडी नेसून गॅलरीत बसलेली. आमच्या गॅलरीला ग्रील आहे. आम्ही इथे आलो तेव्हा त्यातून मिठागरं दिसायची, पांढऱ्याशुभ्र ढिगांच्या रांगाच्या रांगा. आता समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते आणि तिलाही ग्रील आहे.

"आई, मे महिना आहे, त्यात रविवार. पेंग्विन आल्यापासून तिथे मुंगी शिरायची नाही. दादरचा पूल तुला झेपायचा नाही. पावसाळा संपला की तुला एकटीला नेतो, आरामात."

'एकटीला नेतो, आरामात' हे वाक्य मी त्याआधीही वापरलेलं होतं. उत्तनच्या समुद्रासाठी, शिर्डीसाठी, मावसभावाच्या नव्या घरासाठी. चांगलं टिकाऊ वाक्य आहे.

"हो रे, मला कुठे झेपतंय," आई म्हणाली. बायकोने हळूच विचारलं, "अहो, भायखळ्यापर्यंत गाडी करू या का?" मी गाडीचं भाडं सांगितलं. विषय संपला.

दार ओढून घेताना आईने धाकट्याला जवळ बोलावलं. तो तेव्हा सहा वर्षांचा. "बागेच्या बाजूला म्युझियम आहे, त्याच्या अंगणात दगडाचा हत्ती उभा आहे बघ. त्याला सांग, लालबागची आली नाही म्हणून."

"त्याला ऐकू येतं?"

"एवढे कान आहेत की!"

भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली, हे दिवसातलं पहिलं यश. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेची स्लो पकडली. धाकटा नुकताच वाचायला शिकलेला, त्यामुळे स्टेशनच्या पाट्यांना सुट्टी नव्हती. परळ, करी रोड. चिंचपोकळीला तो खिदळत सुटला, असं कुठे नाव असतं का म्हणून. "इथेच राहायचे तुझे बाबा," बायकोने सांगितलं. "कुठे?" दोघांनी एकदम विचारलं. मी बोट केलं खरं, पण जिथे गिरणीची चिमणी होती तिथे काचेचा टॉवर उभा होता आणि बोट त्याच्याकडेच गेलं. मुलांना वाटलं, आपला बाप पूर्वी श्रीमंत होता.

बागेच्या दारातूनच गर्दीने आम्हाला उचललं. खांद्यावर मुलं, डोक्यावर बॅगा, कुणाच्या हातात पॉपकॉर्न तर कुणाच्या कडेवर झोपलेलं बाळ. मी आदल्या रात्री सगळं वाचून ठेवलं होतं, ते चालता चालता मुलांच्या अंगावर सोडत होतो. ही बाग १८६२ ची. पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले, आठ होते, जातीचं नाव हम्बोल्ट. ते बर्फातले नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, तरी त्यांना १६ ते १८ अंश गारवा लागतो. "आपल्यालाही लागतो," मुलगी म्हणाली. अकरा वर्षांची झाल्यापासून ती असं बोलते. रांगेत आम्ही दीड तास उभे होतो आणि बाहेर ऊन असं की ही गर्दी पेंग्विनसाठी आहे की त्यांच्या गारव्यासाठी, याची मला शंका येऊ लागली.

आत शिरलो. समोरच्या माणसाने मोबाइल वर धरला होता, त्याच्या पुढच्यानेही धरला होता. मला पेंग्विन दिसले ते त्या दुसऱ्या मोबाइलमध्ये, बोटाएवढे. मीही माझा वर केला, म्हणजे माझ्या मागच्याची सोय झाली. धाकट्याने मात्र पायांमधून वाट काढली आणि थेट काचेला नाक टेकलं. एक पेंग्विन पाण्यातून तिरका येऊन त्याच्या नाकासमोर थांबला. किती वेळ? श्वासाची काचेवर उमटलेली वाफ पुसली जाईस्तोवर. मग "चला पुढे, चला पुढे" सुरू झालं आणि आम्ही पुन्हा उन्हात आलो. तीन मिनिटंही झाली नसतील.

पुढे पाणघोडा. पाण्यावर दोन कान आणि दोन नाकपुड्या, बाकी सगळा माल पाण्याखाली. कठड्याला पाच-सहा थर माणसं. कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी "ए, ऊठ की" म्हणून ओरडतंय. पैसे भरलेत तर जनावराने थोडं तरी करून दाखवावं, असं गर्दीत कुणालाही वाटू लागतं. मलाही वाटलं. मी दोन बोटं तोंडात घालून, कॉलेजात मारायचो तशी कडक शिट्टी मारली.

एक कान हलला.

"बाबा, नको ना," धाकटा म्हणाला. "आजी दुपारी झोपली की तू आम्हाला बोलूसुद्धा देत नाहीस."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो आणि पोराला घेऊन पुढच्या पिंजऱ्याकडे वळलो. मुलीने मात्र वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ती हसत नव्हती.

बाकीची बाग आम्ही उरकली. गोरखचिंचेच्या बुंध्यापाशी फोटो काढला. आफ्रिकेतलं हे झाड मुंबईत ज्या मोजक्या ठिकाणी नीट बघायला मिळतं, त्यातलं हे एक, पण तो बुंधा हाताने चाचपून बघायलाही आम्ही थांबलो नाही. पाच वाजता मी घड्याळ बघून "चला, दादरला गर्दी व्हायच्या आत" अशी घोषणा केली. रविवारी संध्याकाळी दादरला गर्दी व्हायची बाकी असते, असं मानणारा मी एकटाच असेन.

बाहेर पडता पडता धाकटा थांबला. "हत्ती राहिला."

"बघितले ना प्राणी. आता पुरे."

"दगडाचा राहिला. आजीचा निरोप आहे."

"पुढच्या वेळी सांगू."

तो गर्दीच्या मधोमध फतकल मारून बसला. लोक त्याला वळसा घालून जाऊ लागले. दोन पोलीस बायका थांबून बघू लागल्या, तेव्हा मी नमतं घेतलं.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात तो उभा होता. काळ्या दगडाचा, खऱ्या हत्तीच्या मापाचा, उन्हापावसाने चेहरा पुसत गेलेला. हा मुळात घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ह्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला तेव्हा क्रेन मोडली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे ह्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. हे मी मोबाइलवर वाचून मुलांना सांगत होतो, तितक्यात मुलीने विचारलं, "आजीला हा कसा माहीत?"

मी तोंड उघडलं, आणि आदल्या रात्री कुठेच न वाचलेलं असं काहीतरी बाहेर आलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी संपला, हे कुणालाच सांगता येत नाही, तो नुसता विरत गेला. वडील त्यानंतर मिळेल ते काम करायचे. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघं भावंडं, आई, वडील आणि वडिलांची आई. मे महिन्याच्या सुट्टीत आई आम्हाला लालबागहून राणीच्या बागेत चालत आणायची, कारण चालायला पैसे पडत नसत. आजी बरोबर असायचीच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. आम्ही पुढे धावलो की आई हाक मारून मागे बोलवायची. अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागायचा.

एकदा इथे पोहोचलं की आजी हत्तीपाशी सावलीत बसायची, आणि मग पाळ्या लागायच्या. गिरणीतल्यासारख्याच. पहिल्या पाळीला वडील आम्हाला घेऊन आत, आई आजीजवळ. दुसऱ्या पाळीला आई आत, वडील बाहेर. बाहेर आल्यावर प्रत्येकाने आजीला काय पाहिलं ते सांगायचं, हा नियम. ती एकच प्रश्न विचारायची, "मगर हलली का?" आम्ही ठोकून द्यायचो, हलली, जबडा उघडला, पाण्यात गेली. "खोटं बोलू नको," ती म्हणायची, "मगर काय हलत नाही." पण पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायची.

वडिलांची पाळी तासाभराची असायची आणि आईची पंधरा मिनिटांची, हे मला त्या अंगणात उभं राहिल्यावर, चाळिसाव्या वर्षी आठवलं. आईने ती बाग कधी पूर्ण पाहिली असेल असं वाटत नाही.

"मग आज आजीजवळ कुणाची पाळी होती?" मुलीने विचारलं.

धाकटा तेवढ्यात कुंपणाला चिकटला होता. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून त्याने हाक मारली, "लालबागची आली नाही!" आणि जरा थांबून, आपल्याच मनाने जोडलं, "तिला आणली नाही."

बायको पाण्याची बाटली बॅगेत परत घालत होती. ती काही बोलली नाही. मीही नाही.

भाईंदरला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते. दारात बूट काढायला वाकलो तर रॅकच्या खालच्या कप्प्यात आईच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा गेले काही महिने तुटलेला होता, तिने तो सेफ्टी पिनेने अडकवलेला. आता त्याला नवा टाका होता, मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याचा. दोन जागी जाड, दुहेरी शिवण. दोरा अजून पांढराच होता. तळ पुसून ठेवलेले.

"ह्या कधी शिवल्या?"

"काल," मुलगी म्हणाली. "मी आणि आजी गेलो होतो स्टेशनजवळ. बसत बसत. तू विचारलं नाहीस."

आत आईने पिठलं-भात करून ठेवला होता. धाकटा तिच्या मांडीत चढून बसला. "सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. पण बाबांनी तुझ्या पाळीचं सांगितलं. आणि मगरीचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. ताटं मांडायचा तिचा हात थांबला होता. "तुझ्या लक्षात आहे होय रे ते?"

मी पाणी प्यायलो. ग्लास ठेवला. "पुढच्या आठवड्यात जाऊ आपण. पाचही जण. भायखळ्यापर्यंत गाडी करू."

"पावसाळ्यानंतर म्हणालास ना?"

"पुढच्या आठवड्यात."

आईने भात वाढायला घेतला. आधी धाकट्याला, मग मुलीला. माझ्या पानाशी आल्यावर वर न बघता म्हणाली, "बुधवार सोडून ठरव. बुधवारी बंद असते."