घाटाखालची सायकल

सायकलच्या दुकानात जाण्याआधी थोडा वेळ घरातच बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ सरळ असू द्या, पण ताठरू देऊ नका. दोन्ही तळपाय फरशीला टेकवा. आजचा विचार डोक्याने कमी आणि पायांनी जास्त करायचा आहे.

आता तुमची नेहमीची सायकल आठवा. चढ संपतो, उतार लागतो आणि आपण पाय मोकळे सोडतो. मागे फ्रीव्हील टिकटिकत राहतं, मांड्या सैल होतात, वारा लागतो. तिथेच थोडं थांबा. हा आराम तुम्हाला किती प्रिय आहे? उत्तराची घाई नाही. दोन-चार श्वास जाऊ द्या.

फिक्स्ड गिअरच्या सायकलीत नेमका हाच आराम नसतो. मागची दातेरी चकती चाकाच्या हबला पक्की बसलेली असते, मध्ये फ्रीव्हील नसतं. चाक फिरतं तोवर पायडल फिरतं आणि पायडल फिरतं तोवर पाय. लहानपणी तीनचाकी चालवली असेल, तर हे तुमच्या पायांना ठाऊक आहे. तिचं पायडल पुढच्या चाकालाच असायचं आणि उतारावर ती पाय ओढून न्यायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळलं. त्याआधी मोठ्यांच्या सायकलीही अशाच असत. शर्यतीच्या ट्रॅकवर त्या आजही अशाच आहेत. ऑलिंपिकचा ट्रॅक 250 मीटरचा असतो, सगळे एकाच दिशेने फिरतात, म्हणून त्या सायकलींना ब्रेक नसतो. पुण्यात बालेवाडीला आणि दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये शर्यतीचे ट्रॅक आहेत. तिथे समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर येत नाही.

आपल्याकडे येतो. म्हणून डोळे मिटा आणि तुमचा रोजचा रस्ता पायाखाली आणा.

ही सायकल आपल्या रस्त्यावर चालेल का? बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न सोपा आहे, कारण जिल्ह्याची वाटणी आपण बोलताना आधीच केलेली असते: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, साधारण 650 मीटर उंचीवर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर ही पूर्णेच्या खोऱ्याकडची गावं, बरीच खाली. घाटाखालच्या माणसाने मनातल्या मनात शेगाव-खामगाव रस्ता धरावा. पहाटेची वेळ, ऊन चढायच्या आधीची. रस्ता बहुतेक सपाट, पायांची लय जमायला पुरेसा लांब. या सायकलीचं सुख अशा रस्त्यावर आहे. गर्दीतही ती हाताशी राहते. शेगावात मंदिराकडे पायी निघालेल्या माणसांमागून हळू जाताना पायडलवर किंचित उलटा दाब दिला की वेग उतरतो. ब्रेक दाबायची, सोडायची धडपड नाही.

आता घाटावरच्यांनी राजूर घाट डोळ्यांसमोर आणावा. मोताळ्याकडे उतरणारी ती वळणं. सायकल वेग घेते आहे आणि पाय थांबवता येत नाहीत. मांड्यांत, गुडघ्यांत काय होतं ते नीट जाणवू द्या. थोडा हिशेब करू. पुढे 44 दाते आणि मागे 17 असले, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या, तर वेग ताशी वीसेक किलोमीटर. हे गावातल्या माणसाला झेपतं. पण घाटात ताशी 50 चा वेग झाला, तर मिनिटाला दीडशे फेऱ्या. नवख्याचे पाय एवढे फिरत नाहीत, ते पायडलवरून निसटतात. मग पायडल नडग्यांवर आपटत राहतं आणि सायकल तुमची राहत नाही. ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरणाऱ्या बोथ्याच्या घाटालाही हाच हिशेब लागू.

तो वेग मनातून जाऊ द्या. श्वास परत सावकाश होऊ द्या.

मग घाटावरच्यांनी ही सायकल घ्यायचीच नाही का? घ्यावी, पण दोन्ही बाजूंना आटे असलेल्या हबची. एका बाजूला पक्की चकती, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढून उलटं बसवलं की साधी सायकल होते. पहिल्या सायकलीला असं चाक असावंच, मग तुम्ही कुठेही राहत असा. दाते निवडताना 48 आणि 16 च्या भानगडीत पडू नका, तो गिअर सुरुवातीला जड जातो. शिवाय त्याचा भागाकार पूर्ण तीन येतो, त्यामुळे पाय रोखून चाक घसरवलं की टायर दर वेळी एकाच जागी झिजतो. 44 आणि 17 मध्ये तीच झीज सतरा जागी वाटली जाते.

चाक घसरवून थांबण्याचं तरुणांना फार आकर्षण. मला ते टायरची नासाडी वाटते, पण ते सोडा. थांबताना आपलं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून खरं थांबवतो तो पुढचा ब्रेक. खास ट्रॅकसाठी केलेल्या फ्रेमला बहुधा ब्रेकसाठी भोकच नसतं. चाक आणि फ्रेममधली फटही अगदी अरुंद. आता पहिला पाऊस पडून गेलेला काळ्या मातीचा रस्ता आठवा, चपलेला चिकटते ती माती. त्या फटीत ती एकदा भरली की चाक जाम. 28 ते 32 मिलिमीटरचा टायर आणि शक्यतो मडगार्ड बसेल अशी फ्रेम बघा. आपल्या जुन्या 28 इंची सायकलीची ट्यूब या चाकाला चालत नाही, तेव्हा एक जादा ट्यूब घरी असू द्या.

कुणी म्हणेल, जुन्या सायकलचं फ्रीव्हील वेल्डिंग मारून पक्कं करून देतो, शे-दोनशेत काम. नको. पाय उलटे रोखले की ते आट्यांवरून सुटू शकतं. खऱ्या ट्रॅक हबवर चकतीच्या बाहेरून उलट्या आट्यांची रिंग बसते, ती याचसाठी. रंग आणि हँडल तुमच्या आवडीचं घ्या.

शेवटी हात मांडीवर ठेवा आणि आपल्या कपड्यांचा विचार करा. पायजम्याची कड, ओढणी, बुटाची नाडी. साध्या सायकलीत ती चेनमध्ये अडकली, तर पाय थांबवता येतो. इथे चाकाचा जोर ती आत ओढतच राहतो. चेन पुसताना बोटांचंही तेच, म्हणून चाक फिरतं ठेवून चेन कधी पुसू नये. पायावर पट्टी बांधायची तयारी नसेल, तर ही सायकल तुमच्यासाठी नाही. त्यात कमीपणा काही नाही.

आता डोळे उघडा. दुकानात गेलात की किंमत विचारण्याआधी पुढचा ब्रेक दाबून बघा. तो नसेल आणि बसवताही येणार नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.