सात वळणं

घाट चढायला जो पैसे मोजतो त्याचं डोकं तपासून घ्यावं, असं आमच्या वडिलांचं मत होतं. ते स्वतः अठरा वर्षं सायकलीवरून कचेरीत गेले. त्याबद्दल त्यांना कुणी टाळीसुद्धा दिली नाही. मी मात्र यंदा मुदत ठेव मुदतीआधी मोडून (व्याजातला दंड सोसून!) निलगिरीत सायकल चालवायला गेलो. सायकल त्यांची, केळी त्यांची, सामान त्यांच्या गाडीत. दम तेवढा आपला.

मसिनगुडीहून उटीला जाणारा कल्हट्टीचा घाट. छत्तीस वळणं. खाली मुदुमलाईच्या जंगलाची गरम हवा, वर 2,240 मीटरवर उटीत स्वेटर. मधलं जे काय आहे ते आपल्या पोटऱ्यांतून जातं. वळणावळणाला आकड्यांच्या पाट्या आहेत, पण त्या वाचायचं त्राण कुणाला? मी आपला खालून मोजत होतो. दहापर्यंत निसर्गाचं कौतुक केलं. अकराव्याला निसर्ग दिसेनासा झाला. तेराव्याला बी.कॉम.ला शिकलेलं सगळं आठवू लागलं, त्यात घसारा विशेष.

तेवढ्यात मागून गाडी आली. पुतण्याच्या वयाचा गाइड म्हणाला, "सर, बसा. पुष्कळजण बसतात." बसलो. सायकल टपावर, मी खिडकीशी. विसाव्या वळणावर उतरलो आणि उरलेला घाट खरोखर चढलो, देवाशपथ. वर सायकल डोक्यावर धरून फोटो झाला. 'घाट पूर्ण केल्याबद्दल' प्रमाणपत्रही मिळालं.

आता त्या सात वळणांचं काय करायचं? खोटं मी बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही. पण नोकरीच्या सुरुवातीला तालुक्याच्या शाखेत एका रुपयाच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो. रुपया कुणी खाल्ला म्हणून नव्हे, दोन बाजू जुळत नाहीत म्हणून.

शेजारच्या काउंटरवरचा मित्र म्हणाला, "अरे, एस.टी.नं पंढरपूरला गेलास तर विठोबा काय तोंड फिरवतो?"

बिनतोड वाटलं. दोन दिवस त्यावर झोप लागली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की कल्हट्टीच्या घाटावर आपला विठोबा नाही. वर चहा होता, आणि तो गाडीतून आलेल्यांनाही तोच मिळाला, तितकाच गोड. म्हणजे मी विकत घेतलं होतं ते फक्त चढणं. त्यातलाच सात वळणांचा माल मी वाटेत परत केला, आणि पावती मात्र पुऱ्या रकमेची घेऊन आलो!

हिनं प्रमाणपत्र फ्रेम करून जेवणाच्या टेबलासमोर लावलं. चिरंजीव सातवीत आहेत. परवा 'माझे बाबा' हा निबंध लिहायला बसले होते. पेन्सिल चावत विचारलं, "बाबा, मधे कुठे उतरलात का हो?"

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, हीच वेळ. खरं ते सांगून टाकावं.

"हो," मी म्हणालो, "विसाव्या वळणावर उतरलो."

पोराचा चेहरा उजळला. "बघ आई! दुसऱ्या कुणी हेसुद्धा कबूल केलं नसतं," म्हणाला, आणि ते वाक्य त्यानं निबंधात घातलं. दहापैकी नऊ मार्क पडले.

हल्ली मी जेवायला भिंतीकडे पाठ करून बसतो. हिला वाटतं, मला पंख्याचा वारा लागतो.